शमुवेल नावाचा अर्थ नक्की कोणता, आणि आज ते बाळाला ठेवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, आणि सासूबाईंची मनापासून इच्छा आहे की त्याचं नाव शमुवेल ठेवावं. तुम्ही अर्थ शोधायला गेलात तर एका यादीत 'देवाने ऐकले' सापडलं, दुसरीत 'देवाचे नाव', तिसरीत 'देवाकडे मागितलेला'. यातला खरा अर्थ कोणता, नाव आलं कुठून, आजकाल ते कुणी ठेवतं का, आणि दाखल्यावर शमुवेल लिहायचं की सॅम्युअल, हे तुम्हाला हवं आहे. मी बरीच वर्षं मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक (धर्मगुरू) म्हणून काम केलं आणि जुन्या कराराची हिब्रू शिकवली. बाळाचं समर्पण, म्हणजे त्याला देवाच्या हाती सोपवण्याची चर्चमधली उपासना, त्याच्या आदल्या आठवड्यात आईवडील हेच विचारायला येतात, आणि बहुतेक वेळा हातात मोबाइलवरची यादी असते. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

अर्थापासून सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. हिब्रूत हे नाव पाच अक्षरांत लिहितात: शिन, मेम, वाव, अलेफ, लामेद. उच्चार श्मुएल. शेवटची दोन अक्षरं म्हणजे 'एल', देव. दानीएल, गब्रीएल, मीखाएल, इम्मानुएल या सगळ्यांच्या शेवटी हाच 'एल' आहे, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो पहिल्या भागाबद्दल.

'देवाने ऐकले' हा अर्थ सगळ्यात जास्त पसरलेला आहे. हिब्रूत ऐकणे म्हणजे 'शामा'. कानाला शामा आणि श्मु जवळचे वाटतात, म्हणून हा अर्थ चटकन पटतो. पण 'शामा' धातूच्या शेवटी आयिन नावाचं अक्षर आहे, घशातून काढायचं एक व्यंजन, जे मराठीत नाही आणि म्हणून आपल्या लिखाणात दिसतही नाही. हिब्रूत ते ठसठशीत दिसतं. 'देव ऐकतो' असं ज्या नावात खरोखर आहे ते म्हणजे इश्माएल. त्यात ते आयिन जागच्या जागी आहे, आणि उत्पत्तीच्या १६ व्या अध्यायात देवदूत हागारेला सांगतोही की परमेश्वराने तुझं दुःख ऐकलं म्हणून मुलाचं नाव इश्माएल ठेव. लेआच्या दुसऱ्या मुलाचं नाव शिमोन, तेही याच धातूवरून, तिथेही आयिन आहे. शमुवेलात ते नाही. पूर्ण अक्षरच गाळून नाव बनलं असं मानायला काही आधार नाही. त्यामुळे व्याकरणाच्या बाजूने 'देवाने ऐकले' हा अर्थ कच्चा आहे, मग तो कितीही ठिकाणी छापलेला असो.

हिब्रूचे बहुतेक अभ्यासक ज्या अर्थाकडे झुकतात तो म्हणजे 'देवाचे नाव', किंवा 'त्याचे नाव देव आहे'. 'शेम' म्हणजे नाव, 'एल' म्हणजे देव. मधला 'उ' काहींच्या मते 'त्याचे' हा अर्थ देणारा प्रत्यय, तर काहींच्या मते फार जुन्या भाषेतली विभक्तीची खूण. याला बायबलबाहेरचा आधारही आहे. बाबेलच्या पहिल्या राजघराण्यातले सुरुवातीचे दोन राजे, सुमू-अबुम आणि सुमू-ला-एल, हे ख्रिस्तपूर्व एकोणिसाव्या शतकातले, म्हणजे बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याच्या, ज्याच्यावरून हे नाव ठेवतात त्याच्या, कितीतरी शतकं आधीचे. त्यांच्या नावातला 'सुमू' हा याच 'शेम'चा भाऊबंद समजला जातो. म्हणजे ही नावाची घडण त्या सगळ्या प्रदेशात आधीपासून रुळलेली होती. बायबलमध्येही शमुवेल एकटा नाही. गणना ३४ मध्ये शिमोनाच्या वंशातला एक सरदार याच नावाचा आहे आणि १ इतिहास ७ मध्ये इस्साखाराच्या वंशात आणखी एक. दोघांविषयी नावापलीकडे काही सांगितलेलं नाही.

आता तिसरा अर्थ, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या घरासाठी हाच महत्त्वाचा. १ शमुवेल १:२० मध्ये शमुवेलाची आई हन्ना मुलाचं नाव ठेवते आणि कारण सांगते की मी त्याला परमेश्वरापासून मागून घेतलं. हिब्रूत मागणे म्हणजे 'शाअल'. खरं पाहता या धातूवरून सरळ बनणारं नाव शमुवेल नाही, शौल आहे. हिब्रू उच्चार शाऊल, अर्थ 'मागितलेला'. त्याच अध्यायाच्या २८ व्या वचनात हन्ना म्हणते की हा परमेश्वराला दिलेला आहे, तिथे हिब्रूत अक्षरशः 'शाऊल' हाच शब्द आलाय. त्यामुळे काही अभ्यासकांना वाटतं की ही जन्मकथा मुळात इस्राएलचा पहिला राजा शौल याची असावी आणि पुढे ती शमुवेलाकडे आली. दुसरे म्हणतात की लेखकाने मुद्दामच हा खेळ केला: ज्या राजाला शमुवेल पुढे अभिषेक करणार आणि मग नाकारणार, त्याचं नाव त्याच्या जन्मातच पेरून ठेवलं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. जुन्या करारात आईबाप नाव ठेवताना कोशातला अर्थ सांगत बसत नाहीत. जे सोसलं, जे मिळालं, त्याच्याशी नावाचा नाद जुळवतात. लेआ आणि राहेल यांच्या मुलांची नावं वाचा, सगळीकडे हेच आहे.

म्हणून मला कुणी विचारलं की मी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. शब्दाचा अर्थ: देवाचे नाव. नाव ठेवण्याचं कारण: देवाकडे मागून घेतलेला. समर्पणाच्या पत्रिकेवर एकच ओळ छापायची असेल तर कारण छापा, कारण ते बायबलमध्येच लिहिलेलं आहे आणि तुमच्या सासूबाईंच्या मनात तेच आहे. 'देवाने ऐकले' हे कथेचं सार म्हणून बोलायला हरकत नाही. शब्दार्थ म्हणून मात्र लिहू नका.

ती कथा तुम्हाला माहीत असेल, पण लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेली आणि आई झाल्यावर वाचलेली, यात फरक पडतो. एलकानाच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुलं होती, हन्नेला नव्हती. दरवर्षी सगळं कुटुंब यज्ञासाठी शिलोला, तेव्हाच्या इस्राएली लोकांच्या उपासनेच्या ठिकाणी, जायचं, आणि दरवर्षी तिथेच पनिन्ना तिला टोचून बोलायची, इतकं की हन्ना रडायची आणि जेवायची नाही. नवरा समजूत घालायचा की मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? वाक्य प्रेमाचंच आहे, पण ज्या बाईला हे कुणी म्हटलंय तिला विचारा, त्याने समाधान होतं का. एका वर्षी ती मंदिरात जाऊन प्रार्थना करते, ओठ हलतात, आवाज येत नाही. दाराशी बसलेला एली याजक तिला दारू प्यायलेली समजतो आणि सुनावतो. ती शांतपणे सांगते की मी प्यायलेली नाही, दुःखी आहे, मन मोकळं करत होते.

यहुदी परंपरेत या प्रसंगाला फार मान आहे. मुख्य प्रार्थना पुटपुटत, ओठ हलवत, पण शेजाऱ्याला ऐकू न जाईल अशी म्हणायची, हा नियम तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, हन्नेच्या प्रार्थनेवरून घेतलाय. त्यांच्या नववर्षाच्या, रोश हशानाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, हाच अध्याय वाचतात. वर्षाचा पहिला दिवस, आणि वाचन एका मूल नसलेल्या बाईचं. आपल्याकडे, ख्रिस्ती लोकांत, तिचं दुसऱ्या अध्यायातलं गीत लूकच्या शुभवर्तमानात मरीयेच्या स्तोत्रात पुन्हा ऐकू येतं: बलवानांची धनुष्यं मोडली, भुकेले तृप्त झाले, दीन वर उचलले गेले. दोन्ही उतारे शेजारी ठेवून घरी एकदा वाचा.

मुलगा झाला, दूध तुटलं, आणि नवस केल्याप्रमाणे तिने त्याला शिलोला एलीपाशी नेऊन सोडलं. पुढे दुसऱ्या अध्यायाच्या १९ व्या वचनात एक छोटा तपशील येतो, जो मी समर्पणाच्या उपासनेत नेहमी वाचतो: त्याची आई दरवर्षी यज्ञाला येताना त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून आणायची. मुलगा हाताशी नाही, म्हणजे दरवर्षीचं माप तिला अंदाजानेच घ्यावं लागत असणार. एवढं एकच वाक्य आहे, पण हन्नेला नवस फेडून झाल्यावर काय वाटत असेल ते त्यात सगळं आलंय.

मग रात्रीची हाक. शमुवेल तीनदा उठून एलीकडे धावतो, 'मी आलो, तुम्ही बोलावलंत.' चौथ्या वेळी, एलीने शिकवल्याप्रमाणे, तो म्हणतो, 'बोल, तुझा दास ऐकत आहे.' इथे मात्र हिब्रूत 'शामा'च आहे. 'ऐकले' हा अर्थ लोकांच्या डोक्यात इतका घट्ट का बसला त्याचं कारण बहुधा इथेच आहे. आईचं देवाने ऐकलं, आणि मुलाने देवाचं ऐकलं. गुडघे टेकून हात जोडलेल्या लहान मुलाचं चित्र जुन्या ख्रिस्ती घरांत दिसतं, ते याच प्रसंगाचं. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने अठराव्या शतकात ते काढलं आणि त्याच्या छापील प्रती जगभर गेल्या. एक गोष्ट लक्षात ठेवा: मूल त्या रात्री जे ऐकतं ती गोड बातमी नसते. एलीच्या घराण्याचा नाश होणार, हे त्याला सकाळी एलीलाच सांगावं लागतं. चित्रात ते येत नाही.

मोठेपणीचा शमुवेल कठोर आहे. लोकांनी राजा मागितला तेव्हा राजा तुमची पोरं, शेतं, गुरं कशी घेईल हे त्याने तोंडावर सांगितलं. मग शौलाला अभिषेक केला, आणि पुढे बेथलेहेमात इशायाच्या घरी जाऊन धाकट्या दावीदाला. स्वतःचे मुलगे योएल आणि अबीया मात्र लाचखोर निघाले, हेही ग्रंथ लपवत नाही. त्याच्या नावाचे दोन ग्रंथ हिब्रूत मुळात एकच होते; ग्रीक भाषांतराच्या वेळी ते दोन झाले. पहिल्याच्या २५ व्या अध्यायात तो मरतो, म्हणजे दुसरा ग्रंथ सुरू होतो तेव्हा तो हयातच नाही. यरुशलेमच्या वायव्येला नबी सामविल नावाची टेकडी आहे, तिथली कबर त्याची आहे अशी श्रद्धा आहे. यहुदी आणि मुसलमान दोघेही तिथे जातात.

हो, मुसलमानांतही हे नाव आहे. कुराणात दुसऱ्या सूरेत, २४६ व्या आयतेपासून, इस्राएलच्या लोकांनी आपल्या नबीकडे राजा मागितल्याची गोष्ट येते. नबीचं नाव तिथे दिलेलं नाही, पण भाष्यकार त्याला शमवील किंवा अश्मवील म्हणतात. काकेशस पर्वतातल्या मुसलमानांत याचंच शमिल झालं. रशियाविरुद्ध लढलेला दागेस्तानचा इमाम शमिल, जन्म १७९७, याचं पाळण्यातलं नाव अली होतं. लहानपणी तो सारखा आजारी पडायचा, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे नाव बदलून शमिल ठेवलं, असं सांगतात. इथेही आजाराने जाऊ पाहणारं मूल, आणि त्याला राखण्यासाठी हेच नाव.

आता नाव जगभर कसं गेलं ते. यहुदी लोकांत ते कधीच थांबलं नाही. तिसऱ्या शतकात बाबेलच्या नेहार्दिया गावचे शमुएल हे तालमूदमधले मोठे विद्वान, अकराव्या शतकात स्पेनमधल्या ग्रानादाचे वजीर आणि कवी शमुएल हानागीद. पूर्व युरोपात घरगुती लाडाची रूपं झाली, श्मुलिक, झानविल. बल्गेरियात दहाव्या-अकराव्या शतकात सामुईल नावाचा राजाच होऊन गेला, कारण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचे सण पाळतात. रोमन कॅथलिक पंचांगातही २० ऑगस्ट हा शमुवेलाचा दिवस आहे, तरी कॅथलिक घरांत मुलांना नवीन करारातल्या आणि नंतरच्या संतांची नावं देण्याचीच रीत जास्त. गोव्यात, वसईत जोसेफ, अँथनी, फ्रान्सिस जितके भेटतात तितके सॅम्युअल भेटत नाहीत, त्यामागचं कारण हे.

इंग्लंडमध्ये मध्ययुगात हे नाव ख्रिस्ती घरांत विरळा. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, बायबल लोकांच्या भाषेत हातात आलं, आणि प्युरिटन म्हणवणाऱ्या कडव्या सुधारक ख्रिस्ती लोकांनी संतांची नावं टाकून जुन्या करारातली उचलली. त्यानंतर सॅम्युअल जिकडेतिकडे. सतराव्या शतकात लंडनची आग आणि प्लेग रोजनिशीत टिपून ठेवणारा सॅम्युअल पीप्स, १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढणारा सॅम्युअल जॉन्सन, १७७९ च्या सुमारास सूतकताईचं 'म्यूल' यंत्र बनवणारा सॅम्युअल क्रॉम्प्टन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६९२ च्या सेलेमच्या चेटकीण-खटल्यांत दोन सॅम्युअल दोन टोकांना दिसतात: ज्याच्या घरातून ते प्रकरण सुरू झालं तो पाळक सॅम्युअल पॅरिस, आणि न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सूअल, ज्याने १६९७ मध्ये भर चर्चमध्ये उभं राहून आपला दोष कबूल केला. 'अंकल सॅम' म्हणजे ट्रॉय गावचा मांसाचा व्यापारी सॅम्युअल विल्सन, असं तिकडे मानतात. १९६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तसा ठरावही केला. आपल्याकडे होमिओपॅथीच्या दवाखान्यात भिंतीवर ज्यांचा फोटो असतो ते हानेमान, त्यांचं नावही सॅम्युअलच. जर्मनीतलं मायसेन गाव, जन्म १७५५, घराणं ल्युथेरन.

मिशनऱ्यांबरोबर नाव आफ्रिकेत आणि भारतात आलं. मला या संदर्भात दोन माणसं नेहमी एकत्र आठवतात. एक पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांतला मुलगा, अजायी. १८२१ मध्ये गुलाम म्हणून विकला गेला, ब्रिटिश नौदलाने जहाज पकडून सोडवलं, सिएरा लिओनला नेलं. १८२५ मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला सॅम्युअल क्राउदर हे नाव मिळालं, इंग्लंडमधल्या एका पाळकाचं. पुढे तो पहिला आफ्रिकन अँग्लिकन बिशप झाला, १८६४ मध्ये, आणि बायबल योरुबात आणण्यात त्याचा मोठा वाटा. अजायी हे नाव त्याने टाकलं नाही, दोन्ही बरोबर ठेवली. दुसरे फिलाडेल्फियाचे सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स. १९०४ मध्ये भारतात आले, हिमाचलात कोटगढला राहिले, तिकडच्या सफरचंदाच्या बागांची सुरुवात त्यांनी केली. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि सॅम्युअलचे सत्यानंद झाले. एकाने नाव घेतलं, एकाने सोडलं, आणि दोघांच्याही बाबतीत ते मनापासून होतं.

महाराष्ट्रात मात्र हे नाव मिशनऱ्यांच्या आधीपासून आहे, आणि हे मराठी ख्रिस्ती लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, ज्यांना रायगडच्या गावांत शनवार तेली म्हणत, ते बायबलमधली नावं पिढ्यान्पिढ्या ठेवत आले, पण मराठी वळणाने. शमुएलचं समाजी, यहेज्केलचं हसाजी, अब्राहामाचं अबाजी, मोशेचं मुसाजी. शेवटी आपला 'जी', आणि आडनाव गावावरून. मुंबईत मांडवी भागात १७९६ मध्ये बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम म्हणजे दयेचं द्वार, ज्यांनी बांधलं त्यांना इंग्रजी कागदांत सॅम्युअल यहेज्केल दिवेकर म्हणतात. समाजात ते समाजी हसाजी दिवेकर. दिवेआगरचे म्हणून दिवेकर. कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, आणि सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस केला, अशी आठवण त्यांच्या समाजात जपलेली आहे. सिनेगॉगजवळच्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट नाव पडलं ते त्यांच्यावरून. सिनेगॉगला बेने इस्राएल 'मशीद'च म्हणत, हे 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जाई, आणि मस्जिद स्टेशनच्या नावाचा संबंधही लोक याच्याशी जोडतात.

नवसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बेने इस्राएलांत नवसाने झालेल्या मुलाचे केस काही वर्षं कापायचे नाहीत, आणि मग कापलेल्या केसांच्या वजनाइतकं चांदी-सोनं किंवा पैसा दान करायचा, अशी रीत होती. हन्नेचा नवस आठवा: मुलाच्या डोक्यावर वस्तरा फिरणार नाही. शिलोमधला तो शब्द अलिबाग-पेणच्या घरांत पाळला जात होता. तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा.

मराठी ख्रिस्ती घरांत नाव आलं ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, बायबल मराठीत आल्यावर. पहिल्या पिढीतल्या पुष्कळांनी आपली मूळ नावं तशीच ठेवली; नारायण वामन टिळकांचं उदाहरण सगळ्यांपुढे आहे. मुलानातवंडांत मग शमुवेल, दानीएल, रूथ, एस्तेर दिसू लागल्या, पुढे गायकवाड, साळवे, शिंदे तसेच. दक्षिणेत, केरळ-तामिळनाडूत, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी लावतात, त्यामुळे तिकडे सॅम्युअल हे आडनाव वाटण्याइतकं पसरलं.

आता लोकप्रियता. जुनाट झालं का, असं तुम्ही विचारलंत. आकडे उलट सांगतात. अमेरिकेत १८८० पासूनच्या सरकारी यादीत सॅम्युअल पहिल्या शंभरातून कधी बाहेर पडलेलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर जरा मागे पडलं, १९८० नंतर पुन्हा वर चढलं आणि आज पहिल्या पंचवीसाच्या आसपास असतं. इंग्लंड-वेल्समध्ये २००० च्या सुमारास पहिल्या दहांत होतं, नंतर थोडं उतरलं. स्लोव्हाकियात अलीकडच्या वर्षांत अगदी वरच्या दोन-तीन नावांत आहे, कोलंबिया आणि ब्राझीलमध्येही खूप ठेवतात. इतक्या स्थिर नावाची गंमत अशी की ते एकदम फॅशनमध्ये येऊन एकदम शिळं होत नाही, आणि आजोबाच्या वयालाही शोभतं. भारतात नावांची अशी सरकारी यादी निघत नाही, म्हणून इथला क्रमांक सांगता येणार नाही. मंडळीत मला जे दिसतं ते असं की शहरांत सॅम्युअल आणि नुसतं सॅम वाढलंय, शमुवेल हे रूप मात्र वयस्क लोकांकडेच राहिलंय. याचं मला वाईट वाटतं, कारण मराठी बायबल उघडल्यावर मुलाला स्वतःचं नाव जसंच्या तसं दिसतं ते फक्त या रूपात.

शेवटी दाखल्याचं. नोंदणीसाठी घाई करून भलतंसलतं लिहू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नाव त्याच वेळी लागतंच असं नाही. नोंदीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. महाराष्ट्रात दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत येतं, आणि चूक नेमकी तिथे होते. मी पाहिलेल्या दाखल्यांत इंग्रजीत शेवटी 'यू-ई-एल'च्या जागी 'यू-ए-एल' असं पुष्कळदा असतं. टाइप करणारा कानाला ऐकू येईल तसं लिहितो. मग शाळेत एक, आधारवर दुसरं, पासपोर्टला प्रतिज्ञापत्र. इंग्रजी अक्षरं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीवर द्या: एस, ए, एम, यू, ई, एल. शेवटचा 'ई-एल' म्हणजे तो 'एल', देव, तो बिघडू देऊ नका. दाखला हातात आला की तिथेच दोन्ही ओळी वाचा.

मराठी ओळीत काय लिहावं? माझा सल्ला स्पष्ट आहे: मराठीत शमुवेल, इंग्रजीत नेहमीचं सॅम्युअलचं स्पेलिंग. तुम्हाला काळजी वाटेल की दोन्ही ओळींचा उच्चार जुळत नाही. व्यवहारात तपासणी इंग्रजी स्पेलिंगचीच जास्त होते, तरी काही शाळा मराठी ओळ इंग्रजीवरून ताडून पाहतात. तो त्रास नको असेल तर दोन्हीकडे सॅम्युअल ठेवा आणि घरात, मंडळीत शमुवेल म्हणा. शमुएल, सामुएल, सॅम्युएल अशी मधली रूपं मात्र टाळा. ती कुठल्याच कागदाशी जुळत नाहीत. आणि घरात लाडाने 'शमू' म्हणणार असाल तर आधीच ठरवून तेच म्हणा, नाहीतर शाळेत 'सॅम' चिकटतं आणि शमुवेल फक्त दाखल्यावर उरतं.

समर्पण ठरलं की पाळकांना सांगून ठेवा, वाचनासाठी १ शमुवेल १:२० ते २८ घ्या, आणि ते वचन सासूबाईंना वाचू द्या.